उभ्या पायाचं माप

हौसाक्कानं कातडं कधी डोळ्यानं पारखलं नाही. डोळा फसतो. दलाल तेल चोळून आणतो, रंग चढवतो, उन्हाच्या तिरिपेत धरतो आणि माणूस भुलतो. अंगठ्याला भुलवता येत नाही. आठ वर्षांची असल्यापासून ती बापाच्या मागं कातड्याच्या बाजारात जायची. भाव ठरवायच्या आधी बाप पोरीकडं बघायचा. पोरगी कडेला अंगठा रोवायची, रेटायची, सोडायची. कच्चं असलं तर नाक मुरडायची. बाभळीच्या सालीच्या पाण्यात चार दिवस जास्त राहून करपलेलं असलं तर दलालाच्या तोंडावर म्हणायची, "ह्ये तडकतंय." दलाल हसायचे. वर्षाच्या आत तडकायचं. मग हसायचे बंद झाले. शाळा म्हणाल तर दुसरी, तीही अर्धी. पण त्या बाजारात पदवीधर एकच होता, आणि तो फ्रॉकमध्ये होता.

आता ती अडुसष्टची झाली होती आणि बाजार उरला नव्हता. जनावराचं कातडं मिळेनासं झालं तसं टाकीतलं कातडं आलं. गाय नाही, म्हैस नाही. मोठाल्या टाक्यांत पेशी वाढवायच्या आणि चादरीसारखं कातडं उचलायचं. कोल्हापुरातली निम्मी पायताणं त्याचीच व्हायला लागली. वास नाही, डाग नाही, दिसायला नवरीसारखं. हौसाक्कानं पहिल्याच दिवशी अंगठा लावला आणि व्यापाऱ्याला सांगितलं, "आज मऊ हाय. पन ह्ये थांबत न्हाई, आतल्या आत घट्ट हुतंय. तीन पावसाळ्यांत पापडागत मोडंल." व्यापारी म्हणाला, "आक्का, प्रयोगशाळेचा शिक्का आहे." ती म्हणाली, "शिक्का पायात घाल मग." तीन पावसाळ्यांत मोडलं. तिच्या म्हणण्याची आठवण कुणी काढली नाही. तिनंच काढली, भेटेल त्याच्याकडं.

त्यांच्या गल्लीत एक रीत होती. पोर पहिल्यांदा चालायला लागलं की त्याचं पहिलं पायताण गल्लीतल्या थोरल्या बाईनं करायचं. मापाला पट्टी नाही, कागद नाही. पोराला थेट कातड्यावर उभं करायचं आणि पावलाभोवती खडू फिरवायचा. उभं राहिल्याबिगर माप नाही. बसलेल्या पावलाचं माप घेणं अशुभ, कारण भार पडल्याशिवाय पाऊल खरं बोलत नाही. मग गोंडा लावून, गल्ली गोळा करून, त्या पायताणात पोराला दारापासून पिंपळाच्या पारापर्यंत चालवायचं. हौसाक्कानं अशी दोनशेवर पायताणं केली होती. एक राहिलं होतं, तिच्या स्वतःच्या नातीचं.

शर्वी बारा वर्षांची होती आणि बारा वर्षांत एकोणीस वेळा मोडली होती. पहिल्यांदा बाळंतिणीच्या खोलीत, लंगोट बदलताना. एकदा शिंकताना बरगडी. पोरगी हुशार, जिभेला आजीची धार, आणि सगळं आयुष्य खाटेवर नाही तर चाकाच्या खुर्चीत. हौसाक्कानं चांगलं जनावरी कातडं तिच्यासाठी राखून ठेवलं होतं, जुन्या लुगड्यात गुंडाळून. दरवर्षी काढायची, तेल द्यायची, परत ठेवायची.

पोरीची हाडं ठिसूळ का, याचं उत्तर हौसाक्काकडं पहिल्या दिवसापासून तयार होतं. तिची सून तेजल. परकी नव्हे, सख्ख्या भावाची पोर. मुलासाठी, अवधूतसाठी, मामाचीच मुलगी करायची, हे तिनं तो पाळण्यात असताना ठरवलं होतं. अवधूत "नको" म्हणाला तेव्हा दोन दिवस जेवली नव्हती. "घरचं कातडं घरात राहतंय, वान कळतो," असं तिनं चारचौघांत सांगितलं होतं. आणि मग पोर अशी जन्मली, तर म्हणे, "पोटुशी असताना दूध मोरीत वतायचीस, तेची फळं." बारा वर्षं, सणावारी, पाव्हण्यांसमोर. तेजल ऐकून घ्यायची. आत्ती पण तीच आणि सासूपण तीच. कुणाकडं जाऊन रडणार?

शहराबाहेरच्या हाडांच्या संशोधन केंद्रात डॉ. ठोसर भेटल्या तो दिवस हौसाक्काला पुढं कायम कडू लागला. बाई तरुण, नागपूरकडची. इथल्या बायकांचं "मी आलो, मी गेलो" ऐकून तिला सुरुवातीला हसू यायचं. हौसाक्कासमोर ती दोनदाच हसली.

"हाड म्हणजे नुसता चुना नाही, आजी," डॉक्टर म्हणाली. "चुन्याला धरून ठेवायला आत दोऱ्यांचं जाळं असतं. कोलॅजन म्हणतात त्याला. कातडंही मुख्यतः त्याचंच. पेशी आधी एकेक पेड सुटा बनवते, मग तीन पेड एकत्र वळते."

"तिपेडी वेणी," हौसाक्का म्हणाली. पायताणाच्या पट्ट्यावरची वेणी तिनं जन्मभर वळली होती.

"अगदी तशीच. पण प्रत्येक पेडाला जागोजाग सांधे असतात आणि सांधा दोन्हीकडं मुरडू शकतो. एक जरी उलटा राहिला की वेणी तिथं अडते, सैल पडते. ते सांधे सरळ करून द्यायला पेशीत एक कारागीर असतो. आम्ही विकर म्हणतो. प्रथिनांना नीट आकार देणारे असे कितीतरी विकर आपल्या शरीरात आहेत. मोजके प्रसिद्ध. बाकीचे आडबाजूला राबतात, त्यांचं नावही कुणी घेत नव्हतं. शर्वीच्या अंगात असा एक आडबाजूचा कारागीर जन्मापासून कामावरच आलेला नाही."

"मग तेला आना की."

डॉक्टर हसली, पण बेतानं. "तेच करणार आहोत. गंमत अशी, हा कारागीर आम्हाला टाकीतल्या कातड्यामुळं सापडला. कातडं वाढवणाऱ्यांची सुरुवातीला नुसती लापशी व्हायची. या विकराची भर घातली आणि कातडं धरलं. तेव्हा कुणाच्या तरी डोक्यात आलं की ज्या मुलांची हाडं मोडतात, त्यांच्यात हाच तर कमी नसेल? तो बनवायची कृती तेलाच्या बारीक थेंबात भरून महिन्याला एकदा शिरेतून द्यायची. पेशी वाचते, कारागीर बनवते."

हौसाक्काचा अंगठा तेव्हाच मांडीवर जरासा हलला होता. टाकीतलं कातडं. पण तिच्या तोंडी पुढचा प्रश्न आला. "ही कमी आली कुठनं? पोरीच्या आईनं खाल्लं न्हाई म्हणून?"

"खाण्याचा संबंध नाही. प्रत्येकाकडं या कृतीच्या दोन प्रती असतात, एक आईची, एक वडलांची. एक फाटकी असली तरी दुसरीवर भागतं. माणूस शंभर वर्षं जगतो आणि कळतही नाही. शर्वीला दोन्ही फाटक्या मिळाल्या." डॉक्टरनं पडद्यावर एक झाड काढलं. "अवधूतची फाटकी प्रत तुमच्याकडून आली. तेजलची तिच्या वडलांकडून. म्हणजे तुमच्या भावाकडून. बाहेरची मुलगी असती तर बहुतेक काहीच झालं नसतं."

तेजलनं सासूकडं बघितलं नाही. तिनं पडद्यावरच्या झाडाकडं बघितलं. त्या दोन फांद्यांकडं, ज्या वर जाऊन एका बुंध्याला मिळत होत्या.

"मी च्या पिऊन येतो," हौसाक्का म्हणाली आणि उठली. परत आली तेव्हा पदर ओला होता आणि आवाज कोरडा. "सुया कवापास्नं टोचनार?" माफी मागितली नाही. ते शब्द तिनं कधी वापरले नव्हते आणि वापरायचे कसे हेही ठाऊक नव्हतं. पण त्या दिवसानंतर दूध-मोरीची गोष्ट घरात कुणी ऐकली नाही.

औषधानं काम केलं, हे कबूल करायलाच हवं. चौथ्या महिन्यात शर्वी कूस बदलताना ओरडेनाशी झाली. सहाव्या महिन्यात हाडांच्या चित्रात पांढरं भरलं. नवव्या महिन्यात ती दोन बाजूंनी धरून उभी राहिली. आणि एका सकाळी स्वयंपाकघराच्या ओट्याला टेकून, कुणी न धरता, उभी!

"आज्जी, बग, मी हुबा राहिलो! काठी न्हाई, काय न्हाई!"

"राहिलास, राहिलास. खाली बघ, माझ्या पायावर पडशील आणि माझंच हाड मोडशील."

हौसाक्कानं त्याच दिवशी गल्लीभर सांगितलं. दीड महिन्यानंतरचा मुहूर्त काढला. घराघरांत जाऊन नारळ दिला, ज्यांनी बारा वर्षं "बिचारी" म्हणून मान हलवली होती त्यांच्याकडं तर दोनदा गेली. "माझ्या नातीचं पायताण हाय. पारापतुर चालत येनार हाय. बगायला या."

मापाच्या दिवशी लुगडं उलगडलं. कातडं जमिनीवर पसरलं, शर्वी त्यावर उभी राहिली, अवधूतनं खांद्याला नुसती बोटं टेकवली. हौसाक्का गुडघ्यावर बसली आणि खडू फिरवत फिरवत घोट्यापाशी आली. पट्टा कुठं बसेल ते बघायला तिनं अंगठा रोवला, रेटला, सोडला.

अंगठा थांबला.

पोराचं कातडं दाबलं की आत जातं आणि लगेच वर येतं, पाण्यावरच्या पानासारखं. हे वर आलं नाही. मुळात आत गेलंच नाही. वरून गुळगुळीत, लखलखीत, पोरीच्या वयाला शोभेल असं. आणि आत काहीतरी घट्ट, एकसारखं, वाढत चाललेलं. हा स्पर्श तिच्या ओळखीचा होता. व्यापाऱ्याच्या दुकानात, शिक्का मारलेल्या कातड्याचा. जे थांबत नाही.

"काय झालं गं आज्जी?"

तिनं मान वर केली. दारात शेजारच्या दोघी उभ्या होत्या. एकीच्या हातात तिनंच दिलेला नारळ होता.

"काय न्हाई," हौसाक्का म्हणाली. "लोन्यागत मऊ हाय पोरगी." आणि खडू पुढं नेला.

दोन दिवसांनी डोसाची तारीख होती. तिनं आडून विचारून बघितलं, "बाई, पोरीचं कातडं जरा घट्ट लागतंय का वो?" डॉक्टरनं हातातला पडदा दाखवला. हाडं हिरवी, रक्त हिरवं, मनगटावरचा पट्टा दर मिनिटाला सांगत होता की सगळं हिरवं आहे. "नव्या पेशी बनतायत आजी, थोडं टणक लागणारच." हौसाक्का आणखी एक वाक्य बोलली असती तर पुरलं असतं. टाकीतलं कातडं, तीन पावसाळे, एवढंच. पण बोललं तर सुई थांबेल. सुई थांबली तर पोरगी परत खाटेवर. आणि मुहूर्त पाच आठवड्यांवर होता. डॉक्टरबाईच्या शिक्क्यामागं लपायची तिला त्या दिवशी सोय झाली, आणि जन्मात पहिल्यांदा तिनं अंगठ्यापेक्षा शिक्का खरा मानला. तो डोस गेला. मुहूर्ताच्या आदल्या आठवड्यात पुढचाही गेला. मधल्या दिवसांत तिनं नातीच्या पायाला हात लावायचं टाळलं.

पायताणाच्या दिवशी गल्ली लोटली होती. यंत्रात छापून काढलेल्या चपलांच्या दुकानातली पोरंही आली. हौसाक्कानं वेणी तिपेडी, बारीक वळली होती, लाल गोंडा लावला होता. शर्वी दारातनं बाहेर पडली. एक पाऊल, दोन पावलं. बाया तोंडावर पदर धरून रडत होत्या. कुणीतरी ओरडलं, "आक्का, नात तुमच्यापेक्षा ताठ चालती की!" हौसाक्का म्हणाली, "माझी हाय म्हणून." चव्वेचाळीस पावलं झाली आणि शर्वी पाराला टेकली.

आणि धापा टाकायला लागली. दमलेल्या पोराची धाप वरखाली होते. हिची होत नव्हती. छाती उचलतच नव्हती. गळ्याच्या शिरा ताणल्या जात होत्या आणि बरगड्या जागच्या जागी होत्या, घट्ट शिवलेल्या भात्यासारख्या. लोक टाळ्या वाजवत होते. हौसाक्कानं पुढं होऊन नातीच्या पाठीवर हात ठेवला, अंगठा बरगड्यांच्या मधे. टाळ्या तिला लांबून ऐकू आल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती एकटी रिक्षानं केंद्रात गेली आणि सगळं सांगितलं. डॉक्टरनं आधी हातातला पडदा पुढं केला. हौसाक्का म्हणाली, "त्यो ठेवा. पोरीच्या घोट्यावरच्या कातड्याचा तुकडा काढून बघा. न्हाई निघालं तर माझं तोंड बघू नगा."

तुकडा बघितला. निघालं.

डॉ. ठोसर त्या दिवशी उभ्यानंच बोलल्या. कारागीर कामावर आला होता, पण सुट्टी कधी घ्यायची हे त्याला कुणी शिकवलं नव्हतं. निरोगी माणसात तो गरजेपुरता येतो. औषधानं आलेला प्रत्येक पेशीत बसून राहिला होता. हाडात, कातड्यात, फुप्फुसात. नीट वळलेली, घट्ट वेणी शरीराला सहजासहजी तोडता येत नाही. जुनी तुटेना, नवी थांबेना. फुप्फुसाची जाळी, जी फुग्यासारखी फुलायला हवी, ती वेण्यांनी भरत चालली होती. रक्तात याची खूण नव्हती आणि हाडांचं यंत्र हाडंच बघत होतं.

"तुम्हाला कधी कळलं?" डॉक्टरनं विचारलं.

"मापाच्या दिवशी."

"म्हणजे... मधे दोन डोस गेले. आजी, का नाही सांगितलं?"

हौसाक्कानं पदर नीट केला. "गल्लीला सांगून बसलो हुतो," ती म्हणाली.

डॉक्टरनं हातातला पडदा टेबलावर पालथा ठेवला. मग म्हणाली, "मलाही तुम्ही विचारलं होतं. मी पडदा दाखवला." आणि दाराकडं वळून, "इथं अजून एकतीस मुलं आहेत. सगळ्यांचे तुकडे काढायला, तपासायला वेळ जाईल. उद्या नऊ जणांचा डोस आहे. तुम्ही हात लावून बघाल?"

ती बघायला गेली. खाटेखाटेपाशी, एकेका पोराच्या घोट्याला, मनगटाला, बरगड्यांच्या मधे. कुणाला गुदगुल्या झाल्या, कुणी विचारलं, "आज्जी, चप्पल करनार काय मला?" बाहेर येऊन तिनं घट्ट लागलेल्या अकरा पोरांच्या खाटांचे आकडे सांगितले. पुढं तुकड्यांनी अकराच्या अकरा खरे ठरवले. त्या दिवशी मात्र नुसता तिचा अंगठा होता, आणि त्या अंगठ्यावर अकरा पोरांचं औषध थांबलं.

जतकडची एक बाई जिन्यात आडवी आली. तिचा पोरगा आदल्याच दिवशी पायाच्या आधारपट्ट्याशिवाय उभा राहिला होता. "कोन गं तू? डॉक्टर हाईस? वाचता येतंय तुला?"

"न्हाई."

"माझं पोरगं हुबं राहिलं आणि तू मेले, चांभारीण, अंगठा लावून झोपवलंस!"

कुणी जात काढली तर हौसाक्का त्याची सात पिढ्यांची काढायची. गल्लीला तोंडपाठ होतं. त्या दिवशी ती म्हणाली, "व्हय. चांभारीण हाय म्हणूनच कळलं. तुझ्या पोराचं येळंला कळलं, बाई." आणि जिना उतरली.

घरी तेजल भाकरी थापत होती. अवधूत दुकानातनं आला होता. औषध बंद करायचं, हे डॉक्टरनं फोनवर सांगितलं होतं. भरलेली हाडं वर्ष-दीड वर्ष टिकतील, मग हळूहळू पहिल्यासारखी. फुप्फुसात वळलेलं मात्र उलगडणार नाही. आहे तेवढं राहिलं तर पोरगी जगेल, आणखी वाढलं तर सांगता येत नाही.

हौसाक्का चुलीपाशी बसली नाही. उभ्यानं म्हणाली, "तेजल, मला आदी कळलं हुतं. माप घेताना. मी गप्प बसलो. दोन सुया त्याच्यानंतर गेल्या."

अवधूत म्हणाला, "आई, दोन डोसांनी असा काय फरक पडतोय? डॉक्टर पण म्हणाल्या, सांगता येत नाही."

"त्यांना येत न्हाई," हौसाक्का म्हणाली. "सालीच्या पाण्याच्या कुंडीतनं कातडं सोमवारी काढलं तर मऊ राहतंय, शुक्रवारी काढलं तर करपतंय. मला सांगता येतंय."

तेजलच्या हातातली भाकरी तशीच राहिली, तव्यावरची करपायला लागली. तिनं ती उलटली नाही. बारा वर्षांत पहिल्यांदा तिनं आत्तीच्या डोळ्यांत सरळ बघितलं.

"आत्ती," ती म्हणाली, "ह्यात माझी चूक कुठली, तेवढं सांगा. म्हणजे पाव्हण्यांत बोलायला बरं पडंल."

हौसाक्कानं वाकून तव्यावरची करपलेली भाकरी उलटली.

शर्वी आता चालते. दारापासून पारापर्यंत, मधे तीन वेळा थांबून. वर्षभर चालेल, असं म्हणतात. रोज दुपारी तेजल गोड्या तेलाची वाटी सासूपुढं आणून ठेवते, काही न बोलता, आणि हौसाक्का नातीच्या पाठीला, छातीला, घोट्यांना तेल चोळते. हाडांच्या डॉक्टरनं सांगितलंय की त्यानं काही व्हायचं नाही. हौसाक्काला तर डॉक्टरच्या आधी ठाऊक आहे. कच्चं कातडं तेल पितं, करपलेलं पीत नाही. ते वरच्या वर तसंच चमकत राहतं.

परवा पायताण काढून ठेवता ठेवता शर्वीनं विचारलं, "आज्जी, खरं सांग. मऊ झालं काय जरा?"

अंगठा बरगडीपाशी होता. हौसाक्कानं तो रोवला, रेटला, सोडला. दारात तेजल उभी होती.

"न्हाई," हौसाक्का म्हणाली.

शर्वीनं दोन तोकडे श्वास घेतले, पाठ परत तिच्याकडं केली आणि म्हणाली, "मग उद्या परत बग."